कारकुनी, पण अमेरिकेतल्या दवाखान्यांची

मागच्या रविवारी समोरच्या काकू त्यांच्या भाचीला घेऊन आल्या. पोरगी बडोद्यातच मांजलपूरला राहते, एम.एस. युनिव्हर्सिटीत बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि हातात एक गुळगुळीत पॅम्फ्लेट, त्यावर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली एक गोरी बाई हसतेय आणि खाली लिहिलंय नव्वद दिवसांत मेडिकल करिअर, नोकरी पक्की. काकू म्हणाल्या, "तू हेच करतेस ने गं? ते कॉम्प्युटरचं कोडिंग?"

म्हटलं काकू, कॉम्प्युटरचं नाही, मेडिकल कोडिंग हो ते, आणि स्टेथोस्कोप तर मी नऊ वर्षांत एकदाही हातात धरलेला नाही. खरं सांगू का, कारकुनी आहे ती.

काकूंचा चेहरा पडला, पोरीचा त्याहून जास्त. पण मला त्यात वाईट वाटण्यासारखं काहीच वाटत नाही. दांडिया बाजारातल्या निम्म्या मराठी घरांत कोणाचा ना कोणाचा पणजोबा गायकवाडांच्या कचेरीत लेखणी घासायलाच बडोद्याला आलेला असतो, आमचेही कोठीत, म्हणजे त्याच कचेरीत, कारकून होते. आजी सांगायची की ते घरी येऊन सुद्धा कोणी काही विचारलं तर आधी म्हणायचे, दफ्तरात काय आहे? दफ्तरात नसेल तर माहीत नाही. तर मी तेच करते, फक्त दफ्तर अमेरिकेतल्या दवाखान्यांचं आहे.

आता काम काय ते सांगते, कारण पॅम्फ्लेटवर सगळं लिहिलं होतं, एवढंच नव्हतं. तिकडे पेशंट डॉक्टरकडे जातो, डॉक्टर तपासतो, नोट लिहितो, आणि पैसे बहुतेक वेळा इन्शुरन्सवाला देतो. इन्शुरन्सवाला काही ती चार पानांची नोट वाचत बसत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणजे पेशंटला काय झालं त्याचा एक कोड, त्याच्यावर काय केलं त्याचा दुसरा कोड. ही नोट वाचून कोड लावणारा माणूस म्हणजे मेडिकल कोडर. रोगाचे कोड आयसीडी-१०-सीएम नावाच्या पुस्तकातले, तीन ते सात अक्षर-आकड्यांचे. डॉक्टरने जे केलं त्याचे कोड सीपीटीचे, पाच आकडी, ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मालकीचे आहेत. अँब्युलन्स, इंजेक्शनची औषधं, कुबड्या वगैरे सामानासाठी हिकपिक्स म्हणून तिसरं पुस्तक. आणि हॉस्पिटलात अ‍ॅडमिट पेशंटवर जी ऑपरेशनं होतात त्याच्या हॉस्पिटलच्या बिलासाठी पीसीएस नावाचं आणखी एक, त्यातला प्रत्येक कोड सात अक्षरांचा. रोगाचा कोड आणि कामाचा कोड यांची सोयरीक जुळली पाहिजे, गुडघेदुखीचा कोड लावून छातीचा एक्सरे काढला असं पाठवलंत तर इन्शुरन्सवाला क्लेम परत मारतो, आणि बरोबरच आहे त्याचं.

ही रोगांची यादी मुळात मरणाची यादी होती हे मला फार उशिरा कळलं. १८९३ मध्ये बर्तियों नावाच्या पॅरिसच्या एका आकडेवाल्याने माणसं कशाकशाने मरतात त्याची यादी करून दिली, तीच वाढत वाढत १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेकडे गेली आणि जिवंत माणसांचे रोगही तिच्यात आले. अमेरिकेने मात्र दहावी आवृत्ती लागू करायला १ ऑक्टोबर २०१५ उजाडवला. जुन्या नवव्या आवृत्तीत चौदा हजाराच्या आसपास कोड होते, नवीनमध्ये एकदम सत्तर हजाराच्या घरात गेले, आणि एवढं वाचायला माणसं लागणार म्हणून इकडे भरती सुरू झाली. मी २०१६ ची. सयाजीगंजात एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद.

सत्तर हजार कशाला लागतात असं सगळेच विचारतात. तर उजवा-डावा वेगळा, पहिला इलाज चालू आहे की आता भरून येतंय ते वेगळं, आणि जखम कशाने झाली त्याचेही वेगळे. बदकाने मारलं तर कोड आहे, गाईने मारलं तर आहे. आणि आपल्या बडोदेकरांच्या कामाचा, मगर चावली तर डब्ल्यू ५८.११, त्याच्यापुढे जागा भरायला एक्स, मग ए, म्हणजे पहिला इलाज चालू. बाहेरचे ट्रेनर हा कोड विनोद म्हणून सांगतात, सगळे हसतात, आमच्या बॅचमध्ये कोणीच हसलं नाही. मगरींच्या विश्वामित्री नदीच्या काठावर ज्यांची घरं आहेत त्यांना काय हसू येणार, २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी सोसायट्यांमध्ये आल्या होत्या. अमेरिकेचे मगरीसारखे ते अ‍ॅलिगेटर, त्यांचा कोड वेगळा, डब्ल्यू ५८.०१. म्हणजे चावणाऱ्याची जात नोटमध्ये लिहिलेली पाहिजे. आणि मगरीने नुसती शेपटी मारली असेल तर तो अजून वेगळा.

बरं, शिक्षण. पोरीचा मुख्य प्रश्न तोच होता. इथल्या कंपन्या लाइफ सायन्सवाल्यांना घेतात, म्हणजे बीएस्सी मायक्रो, बायोटेक, झूलॉजी, बीफार्म, नर्सिंग, फिजिओ, आणि बीएचएमएस-बीएएमएस तर भरपूर, आमच्या टीममध्ये एक होमिओपॅथीवाली आणि एक डेंटिस्ट आहे. बीकॉमवाल्यांना बहुतेक करून बिलिंगमध्ये किंवा एआर कॉलिंगमध्ये टाकतात, कॉलिंग म्हणजे इन्शुरन्स कंपनीला फोन करून आमचे पैसे का अडकवले विचारायचं. ते तिकडच्या ऑफिस टायमाला करावं लागतं म्हणून त्यांना नाइट शिफ्ट. कोडरला फोन नसतो, त्यामुळे बहुतेक दिवसाचीच ड्यूटी, हे मुद्दाम सांगते कारण काकूंनी सगळ्यात आधी तेच विचारलं होतं, की रात्री पोरगी कशी येणार.

मजा म्हणजे ज्या परीक्षेचा एवढा गवगवा आहे ती सीपीसी, एएपीसी नावाच्या अमेरिकन संस्थेची, तिला बसायला डिग्री लागतच नाही. मेंबर व्हा, फी भरा, बसा. डिग्री कंपनीला पाहिजे असते. परीक्षेत शंभर प्रश्न, चार तास, सत्तर टक्के पडले की पास. आधी दीडशे प्रश्न आणि पाच तास चाळीस मिनिटं असायची, मी ती दिलेली आहे, बाहेर आले तेव्हा मला माझं नाव आठवत नव्हतं. पुस्तकं बघायची परवानगी असते, आणि इथेच लोक फसतात, अरे ओपन बुक आहे म्हणजे सोपी असणार. तीन जाडजूड पुस्तकं आणि एका प्रश्नाला अडीच मिनिटं सुद्धा नाही, शोधत बसलात की गेलात. पुस्तकात कुठलं पान कुठे आहे ते बोटांना माहीत पाहिजे, भाजीवाल्याला जसं न बघता कुठल्या वजनावर हात जायला पाहिजे ते कळतं तसं. मी माझ्या पुस्तकाच्या कडेला रंगीत पट्ट्या लावल्या होत्या, आई म्हणाली दिवाळीचा कंदील केलायस का.

पास झालात तरी अनुभव नसेल तर नावापुढे सीपीसी-ए लागतं, ए म्हणजे अ‍ॅप्रेंटिस, उमेदवार. दोन वर्षं काम केल्याची पत्रं दिलीत की तो ए निघतो, किंवा एक वर्ष काम आणि ऐंशी तासांचा कोर्स. पॅम्फ्लेटवाले या ए बद्दल बोलत नाहीत. आणि सर्टिफिकेट एकदा मिळालं की झालं असंही नाही, दर दोन वर्षांनी छत्तीस सीईयू, म्हणजे शिकत राहिल्याचे गुण, गोळा करावे लागतात, वेबिनार बघायचे, क्विझ द्यायच्या, शिवाय मेंबरशिपची फी डॉलरमध्ये. हॉस्पिटलच्या अ‍ॅडमिट पेशंटच्या कामात जायचं असेल तर अहिमा नावाच्या दुसऱ्या संस्थेची सीसीएस जास्त उपयोगी, पण ती पहिल्याच फटक्यात देऊ नये असं माझं मत.

क्लासबद्दल एक गोष्ट सांगते आणि पुढे जाते. मी ज्या क्लासला गेले होते (नाव सांगत नाही, आता बंदच झालाय) तिथे फी घेतली आणि दोन महिने फोटोकॉपी केलेली जुनी पुस्तकं वाचायला लावली, नवव्या आवृत्तीची, जी तोपर्यंत अमेरिकेतून हद्दपार झाली होती. आणि पहिल्या कंपनीने बॉण्ड लिहून घेतला, वर माझी ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतली. बाबा दोनदा जाऊन आले तेव्हा परत मिळाली. तेव्हा पोरींनो, ओरिजिनल कोणाला द्यायची नाही, झेरॉक्स द्या, फार तर ओरिजिनल दाखवा आणि पर्समध्ये परत ठेवा.

आता अभ्यासाचं. सगळ्यात आधी शरीररचना आणि डॉक्टरी शब्द. ज्यांना शाळेत संस्कृत होतं त्यांना हे जरा सोपं जातं असं मी बघितलंय, कारण संधी सोडवायची सवय असते. कोलेसिस्टेक्टमी. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे काढून टाकणं, झाली पित्ताशय काढायची शस्त्रक्रिया. पण शेपटाकडे नीट बघायचं हां. कोलेक्टमी म्हणजे मोठं आतडं किंवा त्याचा तुकडा काढला, कोलोटमी म्हणजे नुसतं कापून उघडलं, कोलोस्टमी म्हणजे पोटावर भोक करून आतड्याचं तोंड बाहेर आणलं. दोन अक्षरं इकडची तिकडे, आणि माणसाचं सगळं आयुष्य वेगळं. आमच्या बॅचमधल्या एका मुलाने कोलोस्टमीला कोलोटमी वाचलं होतं, ट्रेनर त्याला काही बोलली नाही, तिने फक्त विचारलं, आता हा पेशंट संडासला कुठून जातो? त्यानंतर त्या बॅचमध्ये ती चूक कोणी केली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे डॉक्टरांचे शॉर्टफॉर्म. एसओबी दिसलं की नवीन पोरं हसतात, ते शॉर्टनेस ऑफ ब्रेथ असतं, धाप लागणं. एमएस लिहिलं असेल तर ते मल्टिपल स्क्लेरोसिस असेल, हृदयाची झडप अरुंद झालेलं मायट्रल स्टेनोसिस असेल, नाहीतर मॉर्फिन सल्फेट असेल. पीटी म्हणजे पेशंट, फिजिकल थेरपी किंवा रक्त गोठायची टेस्ट. आजूबाजूची वाक्यं वाचूनच कळतं. म्हणून मी म्हणते इंग्रजी बोलता नाही आलं तरी चालेल, वाचता आलं पाहिजे, सावकाश आणि शेवटपर्यंत. आमच्याकडे फाडफाड इंग्रजी बोलणारे इंटरव्ह्यूत पास होतात आणि तीन महिन्यांत क्वालिटीच्या तपासणीत पडतात.

आणि आता ती गोष्ट जिच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. माझा प्रॉडक्शनवरचा, म्हणजे खऱ्या फायलींवरचा, पहिला महिना. एक ओपीडीची नोट आली, माणसाला ताप, खोकला, एक्सरेमध्ये डाग, डॉक्टरने अँटिबायोटिक दिलंय आणि खाली लिहिलंय प्रोबेबल न्यूमोनिया. मी मायक्रोवाली ने, मला तर बॅक्टेरियाचं नाव पण सुचत होतं. लावला न्यूमोनियाचा कोड, जे १८.९, आणि पुढची फाइल उघडली. संध्याकाळी ऑडिटर मॅडमनी बोलावलं, शांतपणे म्हणाल्या, डॉक्टरला खात्री नाही, तुला आहे?

नियम असा की ओपीडीमध्ये डॉक्टरने प्रोबेबल, सस्पेक्टेड, रूल आउट असलं काही लिहिलं असेल तर तो रोग कोड करायचा नाही, जी लक्षणं पक्की आहेत ती करायची. म्हणजे ताप आर ५०.९ आणि खोकला, तेव्हाचा आर ०५. तोच माणूस हॉस्पिटलात अ‍ॅडमिट असता आणि डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरने प्रोबेबल न्यूमोनिया लिहिलं असतं, तर हॉस्पिटलच्या बिलासाठी न्यूमोनिया असल्यासारखाच कोड करायचा. मी चिडून म्हटलं हे काय, माणूस तोच, डाग तोच. मॅडम म्हणाल्या, तू ओपीडीत लिहिलंस की तो रोग त्याच्या नावावर चढला, उद्या रिपोर्ट आला आणि निघालं भलतंच, तर उतरवणार कोण? मला एकदम आमचे पणजोबा आठवले. सातबारावर चुकून चढलेलं नाव उतरवायला लोकांच्या दोन पिढ्या जातात.

तर ही नोकरी म्हणजे स्वतःचं डोकं बाजूला ठेवायची नोकरी असं मी पहिले सहा महिने समजत होते. पण तसंही नाहीये, आणि हे जरा अवघड आहे म्हणून नीट सांगते. काही ठिकाणी पुस्तकच सांगतं की डॉक्टरने लिहिलं नसेल तरी हे धरून चाला. उदाहरण (मी बनवलेलं), नोटमध्ये लिहिलंय टाइप टू डायबेटिस, बीपी, किडनीचा जुना आजार स्टेज तीन. डॉक्टरने कुठेच लिहिलं नाही की किडनी डायबेटिसमुळे गेली. नवीन माणूस तिघांचे तीन सुटे कोड लावतो, ई ११.९, आय १०, एन १८.३०. चूक. पुस्तक म्हणतं डायबेटिस आणि किडनी यांचा संबंध आहे असं धरा, डॉक्टरने स्पष्ट नाही म्हटलं तरच सोडा, आणि बीपीचंही तेच. म्हणून ई ११.२२, आय १२.९ आणि त्याच्या जोडीला एन १८.३०. इन्शुलिन कायमचं चालू असेल तर झेड ७९.४ पण.

त्याहून मजेशीर अर्धांगवायूचं आहे. कोड लावताना विचारतात की बाधा झालेली बाजू माणसाची मुख्य आहे का, म्हणजे उजखोऱ्याची उजवी. डॉक्टर लिहायला विसरला तर पुस्तक सांगतं उजवी बाजू गेली असेल तर मुख्य धरा, डावी गेली असेल तर दुय्यम धरा, आणि दोन्ही हात सारखे चालवणारा माणूस असेल तर कुठलीही बाजू मुख्यच. म्हणजे कुठे धरायचं आणि कुठे नाही धरायचं हे पण दफ्तरातच लिहिलेलं आहे. आपलं आपण काही धरायचं नाही. हे अंगात मुरायला मला वर्ष लागलं, बीएएमएस-बीएचएमएसवाल्यांना तर अजून त्रास होतो कारण त्यांना खरंच रोग कळतो बिचाऱ्यांना, नोट वाचता वाचता ते मनात इलाजच सुरू करतात.

मग नोटमध्ये नाहीच असेल तर? क्वेरी टाकायची, म्हणजे डॉक्टरला लेखी विचारायचं. त्यातही रीत आहे. याला न्यूमोनिया होता का हो, असं त्याच्या तोंडात शब्द घालून विचारायचं नाही, नोटमध्ये हे हे लिहिलंय, कृपया निदान स्पष्ट करा, असं विचारायचं. कारण शब्द तोंडात घातले तर डॉक्टर घाईत हो म्हणतो, आणि एका हो चे कधीकधी पुष्कळ डॉलर होतात. तिकडे सरकारला खोटं बिल लावण्याविरुद्ध १८६३ चा कायदा आहे, लिंकनच्या काळातला, फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट, तो आजही दवाखान्यांवर चालवतात. त्यामुळे जास्त लावलं तर गुन्हा आणि कमी लावलं तर क्लायंटचं नुकसान.

रोजचा दिवस कसा असतो? सकाळी मोबाइल लॉकरमध्ये, टेबलावर कागद-पेन नाही, पेनड्राइव्ह तर लांबच. १९९६ चा हिपा कायदा, पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये. किस्से म्हणाल तर ढीगभर आहेत पण एकही सांगता येत नाही, नवऱ्याला पण नाही. मग चार्ट उघडायचे, एकामागून एक. किती करायचे ते स्पेशालिटीवर असतं, एक्सरेचे भराभर होतात, अ‍ॅडमिट पेशंटची एकच फाइल शंभर पानांची असू शकते. टार्गेट पूर्ण आणि अचूकता पंचाण्णव टक्के, आमच्याकडे त्याच्या खाली गेलात की इन्सेंटिव्ह गेला. मॉडिफायर म्हणून कोडला दोन अक्षर-आकड्यांचं शेपूट लागतं, पंचवीस आणि एकोणसाठ या दोघांनी माझ्या जितक्या फायली परत आणल्या तितक्या दुसऱ्या कोणीच नाही, त्यांच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आणि नियम बदलत राहतात. डॉक्टरच्या साध्या तपासणीचे कोड, ९९२१३, ९९२१४ वगैरे, आधी त्यांना डॉक्टरने किती प्रश्न विचारले, किती अवयव तपासले ते मोजत बसायचो, शेंगदाणे मोजावे तसं. १ जानेवारी २०२१ पासून ओपीडीत ते मोजणं गेलं, आता निर्णय किती अवघड होता ते बघा नाहीतर वेळ बघा, ९९२१३ ला कमीत कमी वीस मिनिटं, ९९२१४ ला तीस. चार वर्षं घोटलेलं सगळं एका रात्रीत रद्दी. खोकल्याचंही तसंच, १ ऑक्टोबर २०२१ पासून आर ०५ एकटा चालत नाही, ताजा खोकला, जुना खोकला, खोकता खोकता चक्कर येणारा खोकला, सगळे वेगळे.

रोगाचे नवे कोड दरवर्षी १ ऑक्टोबरला लागू होतात. आता बडोद्यात १ ऑक्टोबर म्हणजे काय ते मी सांगायला नको. ज्या वर्षी नवरात्र बरोब्बर त्याच आठवड्यात येते त्या वर्षी ऑफिसमध्ये रडारड असते, रात्री एक-दीडपर्यंत गरबा, सकाळी नवीन कोडची ट्रेनिंग, निम्म्या पोरी पायाला बँडेज लावून बसलेल्या, आणि ट्रेनर विचारतेय की पाय मुरगळला तर कोड कुठल्या चॅप्टरमध्ये. आमच्या लीडने एकदा अमेरिकेच्या क्लायंटला मेल केला होता की इकडे फेस्टिवल आहे, प्रॉडक्शन जरा कमी येईल, त्याचं उत्तर आलं हॅपी दिवाली.

लॉकडाऊनमध्ये सगळे घरून करायला लागलो. कोविडचा कोड, यू ०७.१, ऑक्टोबरची वाट न बघता १ एप्रिल २०२० लाच लागू केला होता. मी आतल्या खोलीत दार लावून बसायची, कोणाला स्क्रीन दिसता कामा नये म्हणून, आणि दिवसभर तोच कोड. यू ०७.१, यू ०७.१. बाहेर आई विचारायची आज तिकडे कसं आहे, मी सांगायची बरं आहे.

पगाराचं विचारतात सगळे. माझा पहिला हातात बारा हजार काहीतरी होता. सर्टिफिकेट झाल्यावर उडी मिळाली, मग कंपनी बदलल्यावर दुसरी, आता ऑडिटला आहे, घर चालतं आणि गाडीचा हप्ता पण जातो. हैदराबाद-चेन्नईकडे हे काम कितीतरी जास्त आहे, तिकडे जाणारे लवकर वर चढतात, मी गेले नाही, मला सूरसागर तलावाच्या बाजूने चालत घरी यायला आवडतं, हा माझा प्रश्न. पाठ जाते, डोळे जातात, काम एकसुरी आहे हे खरंच आहे. आणि मशीन सगळं खाऊन टाकणार का, तर सॉफ्टवेअर आत्ताच कोड सुचवतं, एक्सरेसारख्या सोप्या कामात बरंच जमतं त्याला. पण माझ्याकडे ऑडिटला येतं तेव्हा दिसतं की ते पण मायक्रोवाल्या नवीन पोरीसारखंच करतं, डाग दिसला की न्यूमोनिया. नवीन माणसाला नुसतं सोपं काम येऊन पुरणार नाही एवढं मात्र मी काकूंना स्पष्ट सांगितलं.

पोरगी ऐकत होती, पॅम्फ्लेटची घडी घालून घालून त्याची सुपारी केली होती तिने. मग म्हणाली, "ताई, एखादं करून बघू?" म्हटलं बघ. कागदावर एक नोट लिहून दिली. बाई, वय चाळीस, ओल्या फरशीवरून पाय घसरून पडली, मनगटाजवळ रेडियसच्या खालच्या टोकाला फ्रॅक्चर, आज प्लॅस्टर घातलं. पुस्तक समोर ठेवलं आणि चहा टाकायला गेले.

परत आले तोवर तिने शोधलं होतं, एस ५२.५०१ आणि शेवटी ए. पहिल्यांदाच पुस्तक हातात घेतलेल्या पोरीच्या मानाने फारच छान, बंद फ्रॅक्चर धरलं ते पण बरोबर, उघडं की बंद लिहिलं नसेल तर बंद धरा हा नियम तिने स्वतः शोधून वाचला होता. म्हटलं, पण ५०१ म्हणजे उजवा. उजवा कुठे लिहिलाय?

ती म्हणाली, "पडताना माणूस उजवा हातच टेकवतो ने."

पटण्यासारखं होतं. मी तिला ५०९ दाखवला, कुठला हात ते माहीत नाही वाला, आणि सांगितलं की आधी क्वेरी, मग हा. ती म्हणाली, बंद फ्रॅक्चर पुस्तक धरू देतं, अर्धांगवायूत मुख्य बाजू कुठली ते धरू देतं, मग हाच का नाही धरू देत? मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात काकूंनी कपबशी खाली ठेवली आणि डावं मनगट पुढे केलं, गेल्या पावसाळ्यातलं, अजून जरा वाकडंच आहे.

"माझा हा मोडला होता. उजव्या हातात दुधाची पिशवी होती."